डेमोला चाललं, बोर्डावर 'डन' झालं, पण काम संपलं का?

मुळाकाठचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

हिंजवडी असो, खराडी असो नाहीतर मगरपट्टा, सकाळच्या स्टँडअपमध्ये (टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीत) एक वाक्य हमखास कानावर पडतं: "माझ्याकडून झालंय, फक्त टेस्टिंग बाकी आहे." पुढचा म्हणतो, "माझंही झालंय, पीआर टाकलाय, कोणीतरी बघा." (पीआर म्हणजे पुल रिक्वेस्ट, इतरांनी तपासावा म्हणून मांडलेला कोड.) आणि प्रॉडक्ट ओनर, म्हणजे काय बनवायचं ते ठरवणारा, कामाच्या कार्डांच्या बोर्डाकडे बघून क्लायंटला कळवून टाकतो की फीचर तयार आहे. तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्या आणि तिघंही आपापल्या जागी खरं बोलतायत.

मी एका टीमचा टेक लीड आहे. आमच्या कॉन्फ्लुएन्सवर (टीमच्या ऑनलाइन वहीत) 'डेफिनिशन ऑफ डन' नावाचं एक पान आहे, म्हणजे काम कधी संपलं म्हणायचं त्याच्या अटी. टीम उभी राहिली तेव्हा कोणीतरी जुन्या प्रोजेक्टमधून उचलून आणलेलं. ते कोणी उघडत नाही. वाद झाला की मात्र सगळ्यांना त्याची आठवण होते.

एक उदाहरण नीट सांगतो. स्टोरी (म्हणजे ग्राहकाच्या गरजेचं एक छोटं काम) साधी होती. ग्राहकाने हप्ता भरला की त्याला पावतीची पीडीएफ मेलवर जावी, आणि त्याने मराठीत नाव नोंदवलं असेल तर पावतीवर ते मराठीतच यावं. डेव्हलपरने काम मनापासून केलं. युनिट टेस्ट (कोडच्या छोट्या तुकड्यांच्या चाचण्या) हिरव्या, पीआर दोघांनी वाचला, त्याच्या लॅपटॉपवर पावती सुरेख दिसत होती. कार्ड बोर्डाच्या उजव्या टोकाला गेलं. प्रॉडवर (ग्राहक वापरतात त्या खऱ्या सिस्टिमवर) गेल्यावर मराठी नावांच्या जागी रिकाम्या चौकोनांची रांग! लॅपटॉपवर देवनागरी फॉन्ट होता. प्रॉडची कंटेनर इमेज (ॲप ज्यातून चालतं ते तयार गाठोडं) हलकी ठेवायची म्हणून तिच्यात एकही भारतीय फॉन्ट नव्हता. फॉन्ट घातला तर चौकोन गेले, पण 'ज्योत्स्ना' मोडली. प्रत्येक अक्षर सुटं आणि पाय मोडल्याच्या खुणा उघड्यावर. पीडीएफ बनवणारी लायब्ररी जोडाक्षरं जुळवायचं कामच करत नव्हती. शेवटी लायब्ररी बदलावी लागली. मूळ स्टोरीला लागला त्याहून जास्त वेळ याला लागला, आणि तो वेळ कुठल्याच स्प्रिंटच्या (ठरावीक आठवड्यांच्या कामाच्या फेरीच्या) हिशोबात धरलेला नव्हता.

इथे कोणी आळस केला नाही, कोणी काही लपवलं नाही. 'प्रॉडसारख्या वातावरणात चालवून बघितल्याशिवाय काम संपलं असं म्हणायचं नाही' हे आम्ही कधी ठरवलंच नव्हतं.

नियम काय सांगतो तेही मांडतो. स्क्रम ही अशा फेऱ्यांत काम करायची पद्धत. केन श्वेबर आणि जेफ सदरलंड यांच्या स्क्रम गाइडची सध्याची आवृत्ती नोव्हेंबर २०२० ची. जेमतेम तेरा-चौदा पानं आहेत, एका बैठकीत वाचून होतात. त्यात डेफिनिशन ऑफ डन ही इन्क्रिमेंटची (प्रॉडक्टमध्ये पडलेल्या वापरण्याजोग्या भरीची) बांधिलकी मानली आहे. बॅकलॉगमधला (करायच्या कामांच्या यादीतला) आयटम ज्या क्षणी त्या व्याख्येत बसतो, त्या क्षणी इन्क्रिमेंट तयार होतो. जो बसत नाही तो रिलीज करायचा नाही, इतकंच काय, स्प्रिंट रिव्ह्यूमध्ये दाखवायचाही नाही. तो परत प्रॉडक्ट बॅकलॉगमध्ये जातो. आपल्यापैकी किती टीम हे खरोखर पाळतात?

माझं मत सांगतो. उरलेलं काम बोर्डावरून पुसलं म्हणून नाहीसं होत नाही. ते कोणाच्या तरी अंगावर जातं, आणि बहुतेक वेळा अशा माणसाच्या, जो प्लॅनिंगच्या वेळी खोलीत नव्हता. मला या गोष्टीचा मनापासून त्रास होतो, म्हणून हा धागा.

तुमच्या टीममध्ये या पानावर काय काय आहे? स्प्रिंट संपताना 'जवळजवळ झालेल्या' स्टोरीचं तुम्ही काय करता? आणि 'हे झालेलं नाही' असं म्हणायचा अधिकार कोणाला आहे? अनुभव लिहा.

टेस्टरबाई

धाग्याबद्दल आभार. खूप जिव्हाळ्याचा विषय आहे.

आमच्याकडची परिस्थिती लिहिते. दोन आठवड्यांचा स्प्रिंट. पहिला आठवडाभर माझ्या कॉलममध्ये काही येत नाही. शेवटच्या बुधवारी दुपारी चारनंतर सहा कार्डं एकदम येतात आणि गुरुवारी डेमो असतो. मी एखादं कार्ड परत पाठवलं की ऐकायला मिळतं, "अगं, तुझ्यामुळे स्प्रिंट अडला." याला अजाइल (थोडं थोडं पूर्ण करत जाणं) म्हणत असतील, पण आत वॉटरफॉलच (सगळं एकामागून एक, टेस्टिंग शेवटी) आहे, दोन आठवड्यांत कोंबलेला.

कोड लिहून झाल्यावर टेस्टिंग सुरू होतं, हेच मला मान्य नाही. ग्रूमिंगला (स्टोऱ्या समजून घ्यायच्या बैठकीला) स्टोरी आली की मी तेव्हाच डेटा मागते. तुमच्या पावतीच्या स्टोरीत मी असते तर पहिल्याच दिवशी नावं लिहून दिली असती: ज्योत्स्ना, ज्ञानेश्वर, सूर्यकांत, कऱ्हाडकर, सोबत एखादी ॲडव्होकेट. अर्धचंद्र, रफार, 'कऱ्हाड'मधला र, सगळं आलं. 'टेस्ट टेस्ट' किंवा 'एबीसी' असली नावं टाकून पावती तपासली तर ती नेहमीच बरोबर निघणार!

आमच्या आधीच्या लीडने एक चांगली पद्धत पाडली होती. डेव्हलपरने कार्ड 'टेस्टिंग'मध्ये ओढायच्या आधी माझ्या शेजारी बसून दहा मिनिटं ते चालवून दाखवायचं. निम्म्या गोष्टी तिथेच सापडायच्या, बग नोंदवायचीही गरज पडायची नाही. वर्क फ्रॉम होम आल्यावर ते स्क्रीन शेअरवर सुरू राहिलं. तो लीड गेला आणि पद्धतही गेली, कारण ती कुठे लिहिलेली नव्हती.

नवशिकी

वाचतेय. मी नुकतीच कॉलेजमधून बाहेर पडून नोकरीला लागले आहे, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. आमच्या जिरामध्ये (कामं नोंदवायच्या टूलमध्ये) प्रत्येक स्टोरीत ॲक्सेप्टन्स क्रायटेरिया (स्वीकारण्याच्या अटी) असतात. ते सगळे पूर्ण केले की स्टोरी झाली, असंच मला ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. मग डेफिनिशन ऑफ डन वेगळं कशाला? आणि प्रॉडक्ट ओनरने 'ओके' म्हटलं तरी ते काम झालेलं नसू शकतं का?

बावधनकर

नवशिकी, प्रश्न अजिबात बाळबोध नाही. पंधरा वर्षं नोकरी केलेली माणसंही इथे अडखळतात.

ॲक्सेप्टन्स क्रायटेरिया त्या एका स्टोरीपुरते असतात. पावतीवर नाव नोंदवलेल्या लिपीत यावं, रक्कम अंकी आणि अक्षरी असावी, मेल ठरावीक वेळेत जावा, वगैरे. पुढच्या स्टोरीत, समजा पत्ता बदलायच्या, ते पूर्ण वेगळे असणार. डेफिनिशन ऑफ डन मात्र दोन्हीला सारखंच लागू. कोड दुसऱ्याने वाचलेला असावा, ऑटोमेटेड टेस्ट पाइपलाइनमध्ये (कोड आपोआप तपासून पुढे नेणाऱ्या यंत्रणेत) चालाव्यात, प्रॉडसारख्या वातावरणात चालवून पाहिलेलं असावं, लॉगमध्ये ग्राहकाचा मोबाइल नंबर किंवा आधार क्रमांक उघडा पडू नये. 'मोबाइल नंबर लॉगमध्ये येऊ नये' हे कोणी प्रत्येक स्टोरीत लिहीत बसत नाही. म्हणून ते एकदाच, सगळ्यांसाठी लिहून ठेवायचं. वैयक्तिक डेटाचा कायदा २०२३ मध्ये झाल्यापासून तर ही ओळ पानावर असायलाच हवी.

यात एक गंमत आहे. ॲक्सेप्टन्स क्रायटेरिया हा शब्द स्क्रम गाइडमध्ये नाही. 'डेफिनिशन ऑफ रेडी' (काम सुरू करण्याआधीच्या अटी) नाही, स्टोरी पॉइंट (कामाच्या आकाराचा अंदाज) नाहीत, व्हेलॉसिटीही (एका स्प्रिंटमध्ये पूर्ण होणारे पॉइंट) नाही. या सगळ्या उपयोगी सवयी आहेत, बाहेरून आलेल्या. डेफिनिशन ऑफ डन मात्र गाइडच्या गाभ्यात आहे.

प्रॉडक्ट ओनरच्या 'ओके'बद्दल. त्याचं ओके म्हणजे 'मला हवं होतं ते हेच'. पण त्याने आत डोकावून टेस्ट पाहिलेल्या नसतात, रोलबॅक करून (बदल मागे घेऊन) बघितलेलं नसतं. त्यामुळे त्याचं ओके असूनही काम अपुरं असू शकतं. आणि कंपनीचा एखादा ठरलेला दर्जा असेल तर तो कमीत कमी म्हणून पाळावाच लागतो. टीम त्यात भर घालू शकते, काटछाट करू शकत नाही. एकाच प्रॉडक्टवर चार टीम असतील तर चौघींची व्याख्या एकच हवी, नाहीतर एकत्र जोडताना कोणाच्या 'डन'वर विश्वास ठेवायचा?

फेज-तीन

थोडा विरोधी सूर लावतो. मी डिलिव्हरी बघतो, कोड लिहिणं सुटून बरीच वर्षं झाली.

तुम्ही सगळे म्हणताय ते पुस्तकात ठीक आहे. पुण्यातलं निम्मं काम सर्व्हिसेसचं आहे. फिक्स्ड प्राइस काँट्रॅक्ट, माइलस्टोनवर बिलिंग. क्लायंट ऑनसाइट, त्यांची यूएटी (क्लायंटने स्वतः करायची चाचणी) तीन-तीन आठवडे चालते, प्रॉडचा ॲक्सेस आमच्याकडे नाही. 'प्रॉडवर गेल्याशिवाय डन नाही' म्हटलं तर माझ्या टीमची व्हेलॉसिटी कायम शून्य दिसेल. पोरं राबतात आणि रिपोर्टमध्ये काहीच दिसत नाही. त्यांच्या अप्रेझलला मी काय दाखवू?

दुसरं, आठ पॉइंटची स्टोरी नव्वद टक्के झाली असेल तर सात पॉइंट द्यायला काय हरकत आहे? काम तर केलंच ना त्यांनी? सगळं किंवा काहीच नाही हा हिशोब मला माणुसकीला धरून वाटत नाही.

टेस्टरबाई

फेज-तीन, तुमची पोरांबद्दलची काळजी कळते. पण त्या पोरांच्याच बाजूने लिहिते.

नव्वद टक्के हा आकडा कोण ठरवतं? डेव्हलपरला पुढचं दिसतं तेवढं धरून तो नव्वद म्हणतो. पावतीच्या स्टोरीत प्रॉडवर जायच्या आधी सगळेच शंभर म्हणत होते, आणि प्रत्यक्षात निम्म्याहून जास्त काम पुढे होतं. सात पॉइंट दिले की पुढच्या स्प्रिंटला त्या स्टोरीचा उरतो एक पॉइंट. प्लॅनिंगमध्ये ती किरकोळ वाटते, म्हणून तिच्यासोबत आणखी चार स्टोऱ्या घेतल्या जातात. मग ती एक पॉइंटवाली स्टोरी आठवडा खाते. शनिवारी ऑफिसला कोण येतं? तीच पोरं.

शून्य द्या. पुढच्या स्प्रिंटला पूर्ण झाली की तेव्हा आठही मिळतील. तीन-चार स्प्रिंटची सरासरी काढली तर हिशोब बरोबर जुळतो. एखाद्या स्प्रिंटचा आकडा खाली दिसला तर दिसू द्या, त्याच वेळी कोणीतरी विचारेल की इतकं काम अर्धवट का राहतंय. पॉइंट अप्रेझलला लावणं हे तर मुळातच चुकतंय, पण त्यासाठी वेगळा धागा काढावा लागेल.

बावधनकर

टेस्टरबाईंशी सहमत. फेज-तीन यांच्या पहिल्या मुद्द्याला मात्र वजन आहे, तो बाजूला सारून चालणार नाही.

टीमच्या हातात जे नाही ते तिच्या व्याख्येत घालता येत नाही. क्लायंटची यूएटी तुमच्या हातात नसेल तर तुमची व्याख्या 'यूएटीला देण्याजोगं' इथे थांबेल. हरकत नाही. पण मग यूएटीपासून प्रॉडपर्यंत जे काही उरतं, म्हणजे परफॉर्मन्स टेस्ट, सिक्युरिटी तपासणी, डेटा मायग्रेशनची रंगीत तालीम, युजर मॅन्युअल, ते सगळं एका जागी लिहून काढा आणि क्लायंटसमोर ठेवा. लार्ज स्केल स्क्रमवाले (अनेक टीममध्ये स्क्रम राबवणारे) त्याला 'अनडन वर्क' म्हणतात. पाठवण्याजोगं प्रॉडक्ट आणि टीमचं आजचं 'डन' यांच्यातलं अंतर. ते अंतर दर काही महिन्यांनी थोडं थोडं कमी करायचं. आज सिक्युरिटी स्कॅन शेवटी होतो, तो पाइपलाइनमध्ये आणा. पुढे परफॉर्मन्सची छोटी चाचणी आणा. व्याख्या एकदा लिहून फ्रेम करून टांगायची नसते.

आणि स्टोरी अर्धवट का राहते? बहुतेक वेळा ती चुकीच्या दिशेने कापलेली असते. 'डेटाबेसचं काम', 'एपीआयचं काम', 'स्क्रीनचं काम' अशा तीन स्टोऱ्या केल्या की पहिल्या दोन संपल्या तरी कोणाला काही वापरता येत नाही. पुण्याची मेट्रो आठवा. ६ मार्च २०२२ ला वनाझच्या मार्गावर वनाझ ते गरवारे कॉलेज एवढाच तुकडा सुरू झाला. अख्खी लाइन नव्हती, पण त्या पाचेक किलोमीटरमध्ये तिकीट, गेट, सरकता जिना, सिग्नल, गाडी, सगळं होतं आणि माणूस खरोखर बसून जात होता. याउलट ६ मार्च २०२४ ला रूबी हॉल ते रामवाडी सुरू झालं तेव्हा गाडी येरवड्याला थांबतच नव्हती. रूळ तयार, वीज तयार, गाडी डोळ्यांसमोरून जाते, पण येरवड्याच्या माणसाला चढता येत नाही. ते स्टेशन ऑगस्टमध्ये उघडलं. स्टोरी कापताना वनाझ-गरवारेसारखी कापावी. पावतीच्या बाबतीत: आधी इंग्रजी नावाची, एकाच प्रकारच्या हप्त्याची पावती, पण थेट ग्राहकाच्या मेलपर्यंत. मग मराठी नावं. मग उशिरा भरलेल्या हप्त्याचा दंड. प्रत्येक तुकडा छोटा, तरी स्वतःच्या पायावर उभा.

रात्रपाळी

इतका वेळ वाचत होते, आता राहवलं नाही.

मुळाकाठचा यांनी लिहिलंय की उरलेलं काम प्लॅनिंगला खोलीत नसलेल्या माणसाच्या अंगावर जातं. तो माणूस मी. मी ऑन-कॉल असते. रात्री फोन वाजतो तो माझा.

एक प्रसंग लिहिते, कंपनीचं नाव नको. पेमेंटच्या एका टेबलवर क्वेरी हळू चालत होती, म्हणून इंडेक्स (लवकर शोधण्यासाठीची सूची) टाकायची स्टोरी. मायग्रेशनमध्ये (डेटाबेस बदलणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) एक ओळ: क्रिएट इंडेक्स. टेस्ट डेटाबेसमध्ये काही हजार रेकॉर्ड, तिथे पापणी लवायच्या आत झालं. कार्ड डन. प्रॉडवर त्या टेबलमध्ये कोट्यवधी रेकॉर्ड. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये 'कॉन्करंटली' हा शब्द न लिहिता इंडेक्स बांधायला घेतला की तो पूर्ण होईपर्यंत त्या टेबलमध्ये लिहिणं अडतं. वाचन चालू राहतं, म्हणून डॅशबोर्डवर पहिली काही मिनिटं सगळं ठीक दिसत होतं. लोक पैसे भरायला जात होते आणि गोल चक्र फिरत होतं. मायग्रेशन थांबवायचं की होऊ द्यायचं, हे ठरवायला कोणाला उठवावं ते मला कळेना, कारण रनबुकमध्ये (अडचण आली तर काय करायचं त्या वहीत) या बदलाची एक ओळही नव्हती. घरी बाळ झोपलेलं, आणि मी स्वयंपाकघरात ओट्यावर लॅपटॉप ठेवून तो कोड पहिल्यांदाच वाचत होते. ज्याने लिहिला त्याच्यावर माझा राग नाही. त्याच्या टीमच्या व्याख्येत प्रॉडच्या आकाराच्या डेटाचा उल्लेख नव्हता, परत कसं फिरायचं याचा उल्लेख नव्हता. पण ती रात्र त्याच्या बर्नडाउन चार्टवर (उरलेल्या कामाच्या आलेखावर) कुठेही दिसली नाही.

आणखी एक गोष्ट. हल्ली 'फ्लॅगमागे मर्ज केलंय, म्हणजे झालं' असं ऐकते. फीचर फ्लॅग (फीचर चालू-बंद करायची कळ) मलाही आवडतात, पण नाइट कॅपिटलचं काय झालं ते प्रत्येक टीमने एकदा वाचावं. १ ऑगस्ट २०१२. शेअर दलालीची मोठी अमेरिकन कंपनी. नवा कोड आठ सर्व्हरवर जायचा होता, सातवर गेला, एकावर राहून गेला. नव्या कोडसाठी त्यांनी एक जुना फ्लॅग पुन्हा वापरला होता. तो पूर्वी 'पॉवर पेग' नावाच्या, वर्षानुवर्षं न वापरलेल्या कोडचा होता, आणि तो कोड काढून टाकलेला नव्हता. बाजार उघडला, फ्लॅग चालू झाला, आणि आठव्या सर्व्हरवर तो जुना कोड जागा होऊन धडाधड ऑर्डरी टाकू लागला. सुमारे ४५ मिनिटांत सगळं संपलं. तिथल्या बाजार नियामकाच्या २०१३ च्या आदेशात तोटा ४६ कोटी डॉलरहून जास्त असल्याचं म्हटलंय. सगळ्या सर्व्हरवर कोड गेला की नाही हे दुसऱ्या माणसाने तपासावं, असा लेखी नियमच नव्हता. म्हणजे व्याख्येतली एक ओळ. आणि दुसरी ओळ: वापरात नसलेला कोड काढून टाकल्याशिवाय काम संपलेलं नाही.

फेज-तीन

रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आमच्याकडेही सपोर्ट टीम वेगळ्या बिल्डिंगमध्ये, वेगळ्या मॅनेजरखाली आहे. त्यांच्या रात्री माझ्या रिपोर्टमध्ये येत नाहीत हे खरं आहे.

बावधनकर म्हणतात ती उरलेल्या कामाची यादी क्लायंटपुढे ठेवायचा प्रयत्न करून बघेन. अडचण आधीच सांगतो. क्लायंट विचारणार, "हे सगळं तुमच्या एस्टिमेटमध्ये नव्हतं का?" काँट्रॅक्ट करताना सेल्सवाल्यांनी ते धरलेलंच नसतं. तरी निदान बोलणं सुरू होईल. यूएटीतल्या शेवटच्या आठवड्यात ते कळण्यापेक्षा बरं.

अर्धवट पॉइंटबद्दल मी अजून साशंक आहे, पण सरासरीचा मुद्दा पटला.

मुळाकाठचा

सगळ्यांचे आभार. रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद मी आमच्या टीमच्या ग्रुपवर टाकला. शांतता पसरली होती.

एक गोष्ट राहून गेली होती, ती लिहितो. अजाइल मॅनिफेस्टो फेब्रुवारी २००१ मध्ये युटामधल्या स्नोबर्डला सतरा जणांनी मिळून लिहिला. त्याच्या बारा तत्त्वांपैकी एक असं आहे की चालणारं सॉफ्टवेअर हेच प्रगतीचं मुख्य माप. आपण मात्र पॉइंट, टक्के, रंगीत चार्ट यांच्यात अडकलो. अर्धवट राहिलेल्या स्टोरीला सात पॉइंट दिले की आपण सॉफ्टवेअर मोजत नसतो, घाम मोजत असतो. घामाची किंमत असतेच, पण क्लायंटने विचारलेला प्रश्न वेगळा आहे: मी आज हे वापरू शकतो का?

कोड लिहून देणारी एआय टूल्स आल्यापासून हे जास्तच टोचतं. आमच्याकडे पीआर पूर्वीपेक्षा भराभर येतात. कोड लिहायचा वेळ घटला, म्हणून पानावरच्या बाकीच्या ओळींना लागणारा वेळ काही घटला नाही. वाचायला माणसं तेवढीच आहेत. 'रिव्ह्यू' कॉलम तुंबतो आणि लोक वाचल्यासारखं करून अप्रूव्ह दाबतात. म्हणून आम्ही त्या कॉलमला मर्यादा घातली आहे. तो भरला की नवं कार्ड सुरू करायचं नाही, आधी दुसऱ्याचा पीआर वाचायचा. सुरुवातीला कुरकुर झाली, आता सवय होते आहे.

नवशिकी

खूप शिकायला मिळालं. दोन प्रश्न राहिलेत.

एक, स्पाइकचं काय? म्हणजे अमुक लायब्ररी चालेल का हे शोधायचं काम. त्यात टेस्ट नसतात, प्रॉडवर काही जात नाही. ते कधी झालं म्हणायचं?

दुसरा जरा अवघड आहे. आमच्याकडे सीनियर दादा स्वतःच कार्ड डनमध्ये ओढतात. परवा एकात टेस्टच नव्हत्या. मला दिसलं, पण मी सगळ्यात नवी. डेमोच्या आदल्या संध्याकाळी सगळ्यांसमोर कसं बोलणार?

बावधनकर

स्पाइकचं सोपं आहे. त्यातून कोड मिळवायचा नसतो, उत्तर मिळवायचं असतं. सुरुवातीलाच प्रश्न एका वाक्यात लिहा आणि वेळेची मर्यादा घाला. 'ही लायब्ररी देवनागरी जोडाक्षरं नीट छापते का? दोन दिवस.' उत्तर लिहून टीमला सांगितलं, सोबत छापलेला नमुना जोडला, की झालं. उत्तर 'नाही' आलं तरी झालं. लिहिलेला कोड फेकून द्यायचा. तो तसाच प्रॉडमध्ये सरकू द्यायचा नाही, आणि स्पाइकचं कार्ड 'आणखी थोडं बघतो' म्हणून तीन स्प्रिंट उघडं ठेवायचं नाही.

टेस्टरबाई

दुसऱ्याचं उत्तर मी देते, कारण मीही कधी काळी तुझ्या जागी होते.

सगळ्यांसमोर दादांना विरोध करायची गरज नाही, आणि तुझ्यासारख्या नव्या मुलीवर ते ओझं टाकणं बरोबरही नाही. पान लिहिलेलं आणि समोर असेल तर माणसाला बोट दाखवावं लागत नाही, ओळीकडे दाखवता येतं. "दादा, टेस्टची ओळ बाकी दिसते, मी लिहून देऊ का?" एवढंच म्हण. बहुतेक जण हो म्हणतात. आणि रेट्रोमध्ये (स्प्रिंटनंतरच्या आढावा बैठकीत) सुचव की कार्ड डनमध्ये ओढायचं काम ते लिहिणाऱ्याने करायचं नाही, दुसऱ्या कोणीतरी पान समोर ठेवून ओढायचं. हा नियम सीनियर-ज्युनियर सगळ्यांना सारखा. आमच्याकडे तो आल्यावर भांडणं कमी झाली. टेस्ट नसलेलं काम पाइपलाइनमध्येच अडवता येत असेल तर उत्तम. मशीन नाही म्हणालं की कोणाला राग येत नाही.

आणि तुझ्या लीडला हे एकांतात नक्की सांग. चांगला लीड असेल तर त्याला ते हवंच असतं.

मुळाकाठचा

नवशिकी, लीड म्हणून सांगतो, हो, हवं असतं. टेस्टरबाई म्हणतात तसं बिनधास्त सांगा.

आमचं जुनं पान आम्ही काढून टाकलं. सगळ्यांनी मिळून नवं लिहिलं, एका पानात मावेल एवढंच, आणि सपोर्टच्या दोघांना त्या बैठकीला बोलावलं. पहिल्यांदाच. दुसऱ्या कोणीतरी वाचलेला कोड. पाइपलाइनमध्ये चालणाऱ्या टेस्ट. प्रॉडच्याच कंटेनर इमेजवर चालवून पाहिलेलं. खऱ्यासारख्या नावांचा आणि खऱ्या आकाराचा डेटा. लॉगमध्ये वैयक्तिक माहिती नाही. रनबुकमध्ये नोंद, आणि परत फिरायची वाट एकदा तरी चालून बघितलेली. शेवटची ओळ सपोर्टच्या माणसाने सुचवली: बदल प्रॉडवर नीट चालतोय हे कोणत्या आलेखावर बघायचं, ते कार्डावर लिहिलेलं असावं.

यूएटी आम्ही धरलेली नाही, ती वेगळ्या यादीत टाकली आहे. परफॉर्मन्सची चाचणीही सध्या त्याच यादीत. रोलबॅकच्या ओळीवर सगळ्यात जास्त वाद झाला, कारण डेटाबेसचा प्रत्येक बदल परत फिरवता येत नाही. कॉलम काढून टाकला की त्यातला डेटा गेला. रात्रपाळी, तुमच्याकडे याला काय करता?

रात्रपाळी

आम्ही दोन टप्प्यांत करतो. आधीच्या रिलीजमध्ये कोडने तो कॉलम वापरणं थांबवायचं, कॉलम तसाच ठेवायचा. काही गडबड झाली तर जुना कोड परत आणता येतो, कारण डेटा जागेवर असतो. एक-दोन रिलीज शांत गेले की मग कॉलम काढायची वेगळी स्टोरी, त्याआधी बॅकअप घेऊन, आणि तो बॅकअप दुसरीकडे रिस्टोअर होतो हे बघून. पहिली स्टोरी तिच्यापुरती डन धरतो, पण दुसरी त्याच दिवशी बॅकलॉगमध्ये टाकतो, तारखेसकट. नाहीतर तो कॉलम तिथेच राहतो, आणि दोन वर्षांनी नवा माणूस 'हा कशाला आहे?' म्हणून विचारतो.

तुमच्या पानात 'परत फिरायची वाट' ऐवजी 'परत फिरता येतं, किंवा येत नसेल तर पुढे कसं दुरुस्त करायचं ते लिहिलेलं आहे' असं करा. आणि तुमच्या सपोर्टच्या त्या दोघांना पुढच्या बैठकीलाही बोलवा.